अर्ध्या ओळीचं उत्तर

चिंचवडगाव,
रविवार, ता. १४ एप्रिल १९५७

ती. सौ. सुमनताईस,

धाकट्या कौशल्याचा दीड हाताने नमस्कार. (डावा पुरता जोडला जातो, उजवा अजून खांद्यापाशी कुरकुरतो, तेव्हा तूर्त दीडच धर. उरलेला अर्धा भेटीत.) इकडे सर्व खुशाल, म्हणजे मी खुशाल आहे आणि माझ्यापायी बाकीच्यांची दशा झाली आहे. दाजींच्या दम्याला उतार असेलच. तुझं पत्र बुधवारी पोचलं. त्यात लिंबाच्या गोड लोणच्याची कृती दीड पान आहे, मीठ किती घालायचं ते तू दोनदा लिहिलं आहेस, आणि खाली सहीच्या वर अर्धी ओळ आहे: डाव्या काखेत सुपारीएवढं काही हाताला लागतं, दुखत नाही, बाकी क्षेम. ताई, मिठाला दोन ओळी आणि ह्याला अर्धी! त्या अर्ध्या ओळीचं उत्तर द्यायला मला हे सगळं पत्र लागणार आहे, तेव्हा चुलीवर काही असेल तर उतरवून ठेव आणि नीट बसून वाच. हे शिफ्टला गेले आहेत म्हणून लिहायला सापडलं. ते घरी असते तर पत्र लिहिणं हे काम आहे की नाही यावर पंचायत बसली असती. का, ते पुढे कळेल.

आधी एक गोष्ट मोकळी करून टाकते. तू मला दवाखान्यात भेटायला आली नाहीस, घरी आणल्यावरही आली नाहीस, त्याचा मला राग नाही. आईचे शेवटचे सहा महिने तू एकटीने काढलेस. मी तेव्हा दुर्गीच्या वेळची बाळंतीण, इथेच पडून होते. आईने पदराखाली काय झाकलं होतं ते घरभर वास सुटेपर्यंत कुणाला कळलं नाही, हे तू मला एकदाच सांगितलंस आणि अठरा वर्षांत पुन्हा तो विषय काढला नाहीस. त्यामुळे ‘कौशे, तुझ्या खाटेपाशी मला उभं राहवणार नाही’ असं तू लिहिलंस ते मी बरोबर समजले. तू तूप पाठवलंस, गोधडी पाठवलीस, दर आठवड्याला पत्र पाठवलंस. तू सोडून सगळं आलं. (दुर्गीलाही मीच येऊ नको म्हणून कळवलं, तिला पाचवा महिना आहे.)

आता जे तुला आजवर लिहिलं नव्हतं ते लिहिते. मीही झाकलंच होतं. श्रावणात ती गाठ पहिल्यांदा हाताला लागली. दुखत नव्हती (हे दोन शब्द परत वाच). मी मनाशी ठरवलं, वात असेल. मग ठरवलं, उष्णता असेल, आणि सब्जा भिजवून खायला लागले. तीन महिने सब्जा खाल्ला. तो गाठीलाच मानवला असावा, कारण ती चांगली बाळसं धरू लागली. ह्यांना सांगायची लाज, परक्या डॉक्टरला दाखवायची त्याहून लाज, आणि सासूबाईंना सांगणं म्हणजे गावात दवंडी. मग दिवाळी आली. आमच्याकडे नरकचतुर्दशीला सासूने सुनेला तेल लावायची रीत आहे. सासूबाईंचा हात मावळातला, भाताची लावणी करून तयार झालेला. त्यांनी तेल लावलं की अंगातलं एक हाड जागेवर राहत नाही. तो हात काखेखाली आला, थांबला, पुढे गेला, परत येऊन तिथेच थांबला. मी म्हटलं, काही नाही, वात आहे. त्या म्हणाल्या, “वात असा गोटीवानी बसत न्हाई. कवाधरनं हाय ह्ये?” मी पाय धरले, म्हटलं कुणाला सांगू नका. तर ही बाई तेलाचे हात तसेच घेऊन अंगणात गेली आणि उटणं लावून उभ्या असलेल्या आपल्या दोन्ही लेकांना, ह्यांना आणि भावजींना, खणखणीत आवाजात सांगितलं की सुनेच्या छातीत गाठ आहे, अंघोळी उरका आणि डॉक्टर गाठा. वर मला बजावलं, “लाज झाकाया पदर हाय, दुखणं झाकाया न्हाई.” सगळ्या आळीने ऐकलं. धरणी पोटात घेईल तर बरं असं मला झालं. आता वाटतं, त्या सकाळी त्यांचा घसा बसलेला असता तर तुझी लोणच्याची कृती वाचायला मी उरले नसते.

पुण्याच्या डॉक्टरांनी क्यान्सर हा शब्द ह्यांना बाजूला नेऊन सांगितला आणि मुंबईला परळच्या मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं. ह्यांनी मला सांगितलं, साधी गाठ आहे. मी ह्यांना सांगितलं, मला ठाऊक आहे, साधीच आहे. अशी एकमेकांची समजूत घालत आम्ही नवराबायको निघालो. सासूबाईंनी मात्र गाडीत चढल्याबरोबर समोरच्या बाकावरच्या बाईला सांगितलं, सुनेला क्यान्सर झालाय, कापायला चाललोय, वाईच सरकून घ्या. अख्खा बाक मिळाला. मार्गशीर्षात माझी उजवी बाजू काखेपर्यंत काढली. फार दुखलं, ते काही खोटं सांगत नाही. पण शुद्धीवर आले तेव्हा पायाशी सासूबाई माझी टाच चोळत बसल्या होत्या, आणि डॉक्टर ह्यांना सांगत होते की वेळेवर आणलंत. ताई, एवढं गोड वाक्य मी जन्मात ऐकलं नव्हतं. डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं, हा हात रोज थोडा थोडा वर न्यायचा, नाहीतर खांदा धरून बसेल. त्या हाताचं काय होणार, हाच चार महिने आमच्या घरातला एकमेव प्रश्न आहे.

आणि तो सुटत नव्हता तो नवसांमुळे. मी आत टेबलावर असताना आमची तीन माणसं तीन ठिकाणी बसून, एकमेकांना न विचारता, देवाला शब्द देत होती. पोस्टकार्डाने का होईना, विचारून घेतलं असतं तर पुढचा घोटाळा टळला असता. पहिले भैरूभावजी, माझे धाकटे दीर. ते दापोडीला एस. टी.च्या वर्कशॉपात आहेत, पाच मैल सायकलने जातात. त्यांनी इथे मोरयापुढे हात जोडून सांगितलं की वहिनी दवाखान्यातून आपल्या पायांनी चालत घरी येईपर्यंत मी चाकावर बसणार नाही. सायकलवर म्हणायचं, तर भरात ‘चाकावर’ म्हणून गेले. झालं, सायकल गेली, आगगाडी गेली, बैलगाडीसुद्धा गेली. (मुंबईला यायचं असतं तर खंडाळ्याचा घाट पायी उतरून गेले असते आणि पायीच चढून आले असते. घरीच राहायची तेवढी बुद्धी देवाने त्यांना दिली.) रोज पाच मैल जायचं, पाच मैल यायचं, आणि काम कसलं, तर बसगाड्यांचं. गाडी दुरुस्त झाली की ब्रेक बघायला दुसऱ्या कुणाला आत बसवायचं आणि आपण शेजारून धावायचं. वर्कशॉपात सगळ्यांना वाटलं की वहिनीच्या दुखण्याने बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला.

जानेवारीत मला घरी आणलं. आमचे शेजारी युसुफभाई, त्यांचं स्टेशनाजवळ सायकलचं दुकान आहे, त्यांनी टांग्यात गादी घालून, दोन लोड लावून ठेवले होते. नव्या नवरीला कुणी आणत नाही अशी मी आले. दारात उतरते तो भैरूभावजी उंबऱ्यावर उभे, आणि चेहरा असा की मला वाटलं, मी मेलेलीच घरी आले आहे आणि हे मला कुणी सांगितलेलं नाही. टांग्यातून आल्यामुळे नवस अडकला, ही गोष्ट उलगडायला तासभर लागला. टांगेवाला अपराधी तोंडाने परत गेला. आळीतल्या पुराणिकबुवांना विचारलं, तर ते म्हणाले, चालत यायला हवं खरं, पण त्यासाठी बाईला परत मुंबईच्या दवाखान्यात नेण्याइतका मोरया काही निर्दय नाही. स्टेशनापासून चालली तरी पोचेल, मात्र वाट तीच धरा. तीन आठवड्यांनी अंगात थोडं बळ आल्यावर त्याच टांग्यात बसवून मला स्टेशनवर नेलं, टांगा रिकामा मागे ठेवला आणि मी घरी चालत निघाले. पुढे सासूबाई वाटेतली गुरं आणि माणसं बाजूला करत, बाजूला हे छत्री धरून, मागे युसुफभाई डोक्यावर लाकडी खुर्ची घेऊन (दर पन्नास पावलांवर ती खाली ठेवायची, मी बसायचं, परत उठायचं), आणि सगळ्यांच्या मागे भैरूभावजी, सायकल हातात धरून. ओट्याओट्यावरून बायका ताक घेऊन आल्या. नको म्हणवेना. सात घरांचं ताक प्यायले, त्यामुळे शेवटचा फर्लांग मी ज्या वेगाने चालले तो पाहून लोक म्हणाले, किती सुधारली. घरात शिरताना कानावर सायकलची घंटी आली. भावजींनी आधी माझ्या पायांना हात लावला, मग सायकलच्या, आणि न जेवता गावाला तीन फेऱ्या मारून आले. मी आत जाऊन रडले. दीड-एक महिना तो माणूस माझ्यासाठी उन्हातान्हात चालला होता आणि एकदा कुरकुरला नव्हता.

दुसरा नवस ह्यांचा. हे पिंपरीच्या नव्या औषधाच्या कारखान्यात फिटर झाल्यापासून घरात सगळं मापाने चालतं. ह्यांनी दवाखान्याच्या बाकावर बसून कबूल केलं की बायको वाचली तर वर्षभर तिच्या उजव्या हाताला काम लावणार नाही. त्यामुळे भाकऱ्या हेच करतात. आकार त्रिकोणी येतो, पण जाडी सगळीकडे सारखी, याचा त्यांना अभिमान आहे. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे रोज सकाळी भिंतीला तोंड करून मी बोटं वर वर चढवायची, आणि जिथे पोचतील तिथे हे पेन्सिलीने रेघ मारून तारीख घालतात. माप सुतात. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, मी आता स्वप्नातही सुतात मोजते.) फेब्रुवारीत एक दिवस हात आदल्या दिवसापेक्षा दोन सूत खाली आला, तर हे त्या दिवशी डबा तसाच परत घेऊन आले. मग युसुफभाईंनी अक्कल लढवली. सायकलचं एक चाक टायर काढून आढ्याला टांगलं, वरून दोरी घेतली, दोरीच्या दोन टोकांना हँडलच्या रबरी मुठी बसवल्या. डाव्या हाताने खाली ओढलं की उजवा आपोआप वर जातो. आता रोज सकाळसंध्याकाळ मी घरात बसून विहीर उपसते आणि बायका बघायला येतात. युसुफभाईंची गौहर रोज दुपारी मटणाचं गरम पाणी घेऊन येते आणि पेला रिकामा झाल्याशिवाय उठत नाही. सासूबाई माळकरी. पहिल्या दिवशी मला वाटलं, आता दोन घरांत भिंत उभी राहते. तर त्या माळेवर हात ठेवून भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि म्हणाल्या, “प्ये गुमान. औषिदाला इटाळ नसतो.” आता तर गौहरला यायला उशीर झाला की त्याच दारात जाऊन ओरडतात.

तिसरा नवस त्यांचाच, आणि तोच सगळ्यात अवघड. सून आपल्या दोन्ही हातांनी केस विंचरून अंबाडा घालील तेव्हाच मशेरीला हात लावीन, असं त्या बोलून बसल्या. ताई, ही बाई बाराव्या वर्षापासून मशेरी लावते. न्याहारीच्या आधी मशेरी, नंतर मशेरी, भांडणाच्या सुरुवातीला मशेरी. आता चार महिने झाले. मध्ये नुसता कोळसा लावून पाहिला, त्याने दात काळे झाले, जीव काही भरला नाही. स्वभाव इतका कडक झाला आहे की कावळा छपरावर बसायला भितो. त्यात त्यांच्या नवसाने माझ्या हाताला अंबाडा हवा, आणि ह्यांच्या नवसाने त्याच हाताला काम नको. मायलेकांत जुंपली. हे म्हणाले, हात डोक्याच्या वर गेला म्हणजे काम, कारखान्यात तेवढ्याला ओव्हरटाइम धरतात. शेवटी पुराणिकबुवांनी निकाल दिला की तेल लावणं हे काम, वेणीफणी हा शृंगार. पण खरी गंमत पुढे आहे. मी फणी उचलली की सासूबाईच ती हिसकावून घेतात आणि मला पुढ्यात बसवून वेणी घालायला लागतात. म्हटलं, अहो, मशेरी तुमची अडली आहे ना? तर म्हणाल्या, “मशेरी कुठं पळून चाललीया? तुझा हात दुखंल.” आता अशा माणसाला काय म्हणायचं, तूच सांग. चार महिने ही म्हातारी माझ्या अंबाड्यासाठी झुरते आहे आणि चार महिने मला तो घालू देत नाही.

तुझ्या मनात जे आहे आणि तू विचारणार नाहीस, तेही सांगते. उजवीकडे आता सपाट आहे. पहिल्यांदा पट्टी सुटली तेव्हा मी आरसा पालथा घातला. ह्यांनी तो उचलून परत भिंतीला लावला, आणि खिळा जरा खाली ठोकला, म्हणजे मला बसून दिसेल. सासूबाईंनी चोळीत आतून कापसाची उशी शिवून दिली. पहिली इतकी भरगच्च शिवली की डावी बाजू कानकोंडी होऊन बसली. दुसरी बेतशीर आहे. लुगडं नेसून मी बाहेर पडले की कुणाला काही कळत नाही, आणि ज्यांना कळतं त्यांनी मला कमी केलेलं नाही. आळीत एक अंबूबाई तेवढ्या आमच्याकडे पाणी पीत नाहीत, रोग चिकटेल म्हणून. पण त्या पूर्वीही कुणाकडे काही पीत नव्हत्या. ताई, एवढं प्रेम माझ्यावर ह्या घरात आहे, हे मला धडधाकट असताना ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, मी आहे म्हणून ह्यांचं चाललंय. तसं काही नाही, माझं ह्यांच्यामुळे चाललंय. रोज उठले की पहिल्यांदा तेच मनात येतं आणि मग मी त्रिकोणी भाकरी खाते.

तर आजमितीला भिंतीवरची रेघ कानाच्या बरीच वर गेली आहे. अंबाडा अजून चार बोटं लांब आहे, असं घरात सगळे धरून आहेत. लोणच्यात मीठ तू सांगितलंस तेवढंच घालीन. दाजींना नमस्कार, त्यांना थंड पाणी देऊ नकोस. पत्र वाचून झालं की माळ्यावरच्या डब्यात टाकू नकोस, दाजींना वाचायला दे.

तुझी,
कौशल्या

ता. क. — चार बोटं लांब आहे हे खोटं. तुझं पत्र बुधवारी आलं. गुरुवारी दुपारी हे शिफ्टला होते, भावजी दापोडीला, सासूबाई गौहरकडे गहू निवडायला. मी दार लावलं, आरशासमोर बसले आणि दोन्ही हातांनी अंबाडा घातला. तीनदा सुटला, चौथ्यांदा बसला. वाकडा बसला, पण हलवून पाहिला तरी बसून राहिला. मग सोडून टाकला आणि कुणाला सांगितलं नाही. मला तो पहिल्यांदा तुझ्यासमोर घालायचा आहे. आईच्या खाटेवर जे पाहिलंस तेवढंच तू धरून बसली आहेस. वेळेवर गेलेली बाई पुढे कशी दिसते तेही एकदा आपल्या डोळ्यांनी बघ. तोवर त्या म्हाताऱ्या माऊलीला मी मशेरीवाचून ठेवते आहे. त्याचं पाप लागलं तर अर्धं तुझं.

ता. क. दुसरा — तुझी अर्धी ओळ मी सासूबाईंना वाचून दाखवली. आळीला कळली आहे. येत्या रविवारी, एकवीस तारखेला, भैरूभावजी तुला न्यायला लोणंदला येत आहेत, आणि मंगळवारी हे, मी आणि तू परळला जाणार आहोत. ह्यांची रजा मंजूर झाली, माझ्या डॉक्टरांना पत्र गेलं. लोणचं मुरायचं आहे, दाजींना खोकला आहे, असलं काही उलट टपालाने कळवू नकोस, कारण भावजींनी मोरयापुढे सांगितलं आहे की तू त्यांच्यासोबत गाडीत बसेपर्यंत ते तुझ्या घरी पाण्याचा घोट घेणार नाहीत. या खेपेला शब्द मी घालून दिले आहेत, त्यात कुठे फट नाही. एप्रिलचं ऊन आहे ताई, आणि तो माणूस शब्दाचा किती पक्का आहे ते तू आत्ताच वाचलंस. लुगडी दोनच घे.